ओक पार्कमध्ये जुनं घर बघताय? आधी नकाशा, मग घर

शिकागोला बदली होऊन आलेली आपली बहुतेक मंडळी डोळे झाकून नेपरव्हिल, अरोरा नाहीतर शॉमबर्गला जातात आणि त्यात चूक काहीच नाही, किराणा जवळ, देऊळ जवळ, गणपतीला माणसं जवळ. पण दर दोन-चार महिन्यांनी कोणाचा तरी फोन येतोच, तुम्ही ते ओक पार्कला जुन्या घरात राहता ना, तिथे म्हणे स्वतःच्या घराला हात लावायला पण परवानगी लागते, खरं का? तर थोडं खरं आहे. ते "थोडं" म्हणजे नेमकं किती, हे घर घेण्याआधी कळलं तर मजेत राहता येतं आणि नंतर कळलं तर पैसे जातात. आमचे गेले. म्हणून एकदाचं सगळं लिहून काढतेय, पुढच्या वेळी फोनवर तासभर बोलण्यापेक्षा लिंक पाठवेन.

पायरी १: घर बघू नका, गाव बघा

ओक पार्क शिकागोला अगदी चिकटून आहे, पश्चिमेला. ऑस्टिन बुलेव्हार्डच्या त्या बाजूला शिकागो शहर, या बाजूला आम्ही. गाव पावणेपाच चौरस मैलांचं, वस्ती साधारण ५४ हजार. शिकागोच्या शहरी रेल्वेच्या, म्हणजे एलच्या, ग्रीन लाइन आणि ब्लू लाइन दोन्ही गावातून जातात, शिवाय मेट्राची उपनगरी गाडी आहे, त्यामुळे नवरा लूपमध्ये, म्हणजे शिकागोच्या मध्यभागी, कामाला जातो आणि आमचं दुसऱ्या गाडीवाचून आरामात चालतं. नेपरव्हिलवाल्यांना हे ऐकून हेवा वाटतो, मग ते आमचा टॅक्स विचारतात आणि हेवा संपतो. टॅक्सचं पुढे सांगते.

एखादा शनिवार काढा आणि नुसतं चाला. सकाळी लेक स्ट्रीटवर चर्चच्या पार्किंग लॉटमध्ये उन्हाळ्यात फार्मर्स मार्केट भरतं, तिथे ताजे डोनट तळतात, त्याची रांग बघा, कारण या गावात कोण राहतं हे त्या रांगेत दहा मिनिटांत कळतं. मग मुलांना स्कोव्हिल पार्कात सोडा, लायब्ररी त्याला लागूनच आहे. दुपारनंतर आतल्या गल्ल्यांतून फिरा. उन्हाळ्यात कुठे ना कुठे रस्ता अडवून ब्लॉक पार्टी चाललेली असते, मधोमध टेबलं, पोरं सायकलवर. अशा पार्टीत बिनधास्त शिरा आणि एकच प्रश्न विचारा: "जोराचा पाऊस झाला की बेसमेंटमध्ये पाणी येतं का?" एजंट जे सांगणार नाही ते शेजारी हातात बर्गर धरून सांगतात.

तोच रस्ता एकदा आठवड्यातल्या संध्याकाळी आणि एकदा रात्री पण बघा. ब्लू लाइन आयझनहावर एक्सप्रेसवेच्या मधून जाते, तिच्या दोन ब्लॉकवरचं घर रविवारी सकाळी शांत वाटतं आणि मंगळवारी संध्याकाळी नाही. गाडी रात्रभर रस्त्यावर ठेवण्यावर गावाचे निर्बंध आहेत, तेव्हा मागच्या अॅलीत गॅरेज आहे का, असेल तर त्यात आजच्या काळातली गाडी मावते का, हे बघून घ्या. आमच्या शेजाऱ्यांचं गॅरेज इतकं अरुंद आहे की गाडी आत गेली तर माणूस बाहेर येऊ शकत नाही.

पायरी २: नकाशावर घर कुठे पडतं ते बघा

आमची चूक इथेच झाली. आम्ही आधी घराच्या प्रेमात पडलो आणि नकाशा नंतर बघितला.

गावात तीन हिस्टॉरिक डिस्ट्रिक्ट आहेत, म्हणजे जुन्या वास्तूंसाठी जपलेले भाग. पहिला प्रसिद्ध आर्किटेक्ट फ्रँक लॉइड राइटच्या नावाचा. राइटने १८८९ मध्ये इथे स्वतःचं घर बांधलं, १९०९ पर्यंत इथूनच काम केलं आणि गावात त्याच्या हातच्या दोन डझनांच्या आसपास वास्तू आहेत. त्यातलं युनिटी टेम्पल २०१९ मध्ये युनेस्कोच्या यादीत गेलं. दुसरा रिजलँड, सगळ्यात मोकळा पसरलेला, व्हिक्टोरियन लाकडी घरं, रुंद पोर्च, मोठी झाडं. तिसरा गंडरसन, मॅडिसन स्ट्रीटच्या दक्षिणेला, विसाव्या शतकाच्या सुरुवातीला एकाच बिल्डरने बांधलेली चौकोनी दोनमजली घरं, ज्यांना इथे फोरस्क्वेअर म्हणतात. एका साच्यातली, तरी कुणाची खिडकी वेगळी कुणाचा पोर्च वेगळा. लहान मुलांचं कुटुंब आणि बेताचं बजेट असेल तर माझं मत गंडरसनला. खोल्या चौकोनी, वाया जाणारी जागा कमी, एल चालत गाठता येते. राइटच्या गल्लीत राहायचं असेल तर राहा, पण विकेंडला कानात हेडफोन घातलेले टूरिस्ट तुमच्या दारासमोर उभे राहून घराचे फोटो काढतात आणि तुम्ही गाऊनवर कचरा टाकायला बाहेर आलेल्या असता.

आता एक गोष्ट नीट समजून घ्या, कारण यात एजंटसुद्धा गोंधळ घालतात. जाहिरातीत "नॅशनल रजिस्टर" असं लिहिलेलं असतं. ती केंद्राची यादी. घर नुसतं त्या यादीत असलं तर खासगी मालकाने स्वतःच्या पैशाने काय करावं यावर तिचं बंधन येत नाही. बंधन येतं ते गावाने स्वतःच्या ऑर्डिनन्सने, म्हणजे स्थानिक कायद्याने, डिस्ट्रिक्ट जाहीर केला असेल तर. म्हणजे पाटी दिल्लीची असली तरी नोटीस ग्रामपंचायतीची येते, तसंच. त्यामुळे व्हिलेज हॉलच्या, म्हणजे गावाच्या कार्यालयाच्या, वेबसाइटवर जाऊन पत्ता शोधा आणि दोन गोष्टी बघा: घर डिस्ट्रिक्टमध्ये आहे का, आणि असेल तर ते "कॉन्ट्रिब्यूटिंग" आहे का, म्हणजे डिस्ट्रिक्टच्या जुनेपणात भर घालणारं म्हणून धरलंय का. डिस्ट्रिक्टमधलं प्रत्येक घर कॉन्ट्रिब्यूटिंग नसतं, मध्येच एखादं १९६० नंतरचं विटांचं खोकं पण असतं आणि त्याला नियम सैल असतात. एखादं घर स्वतंत्र लँडमार्क असेल तर नियम सगळ्यात कडक. असं घर घेताना आधी वकिलाशी बोला.

हे सगळं एचओएसारखं (घरमालकांच्या सोसायटीसारखं) आहे का, असं पण विचारतात. नाही. एचओए खासगी असतं, दरमहा फी घेतं, गवत वाढलं की पत्र पाठवतं. इथे फी नाही, जुन्या वास्तू जपण्यासाठी गावाने नेमलेली समिती, जिला कमिशन म्हणतात, ती गवतावरून पत्र पाठवत नाही, हे गावाचं काम आहे आणि ते बिल्डिंग परमिटच्या वाटेने येतं. परमिट मागायला गेलात की कमिशन भेटतं, नाहीतर वर्षानुवर्षं भेटत नाही.

पायरी ३: "रस्त्यावरून काय दिसतं" हा चष्मा घाला

सासूबाई पहिल्यांदा आल्या तेव्हा म्हणाल्या, एवढे पैसे मोजले आणि स्वतःच्या घराला खिडकी लावायला पण दुसऱ्याला विचारायचं? मी त्यांना फुटपाथवर नेऊन उभं केलं आणि म्हटलं, इथून जे दिसतंय ना आई, तेवढ्याबद्दलच बोलणं आहे. बहुतेक सगळं त्या एका वाक्यात येतं. आतलं स्वयंपाकघर तोडा, भिंत पाडा (वजनाची नसेल तर), देवघर करा, बाथरूम हिरवं करा, कमिशनला घेणंदेणं नाही, फक्त नेहमीचं बिल्डिंग परमिट लागेल. दर्शनी बाजू, छपराचा आकार, पोर्च, समोरच्या खिडक्या, पाडकाम, मागे केलेली पण रस्त्यावरून डोकावणारी वाढ, हे त्यांचं. काही बाबतीत त्यांचं म्हणणं बंधनकारक असतं आणि काही बाबतीत तो सल्ला असतो, तुमचं काम कशात बसतं हे गावाच्या प्लॅनरला ई-मेल करून लेखी घ्या. फोनवर ऐकलेलं धरून चालू नका. ही माणसं चांगली उत्तरं देतात, मी घर घेण्याआधी विचारलं असतं तरी दिली असती.

आता आमची गोष्ट. आमच्या पुढच्या पोर्चचा लाकडी कठडा डुगडुगत होता. कॉन्ट्रॅक्टर म्हणाला, मॅडम, एवढ्याशा कामाला परमिट कशाला, दोन दिवसांत पांढरं व्हायनल लावून देतो, परत रंग द्यायची कटकट नाही. मला पटलं. दुसऱ्या दिवशी दुपारी दारावर स्टॉप वर्क ऑर्डरचा कागद चिकटलेला. जुना कठडा तोपर्यंत डंपस्टरमध्ये गेलेला. आणि खरी मेख पुढे होती: जुने कठडे बुटके असतात, आमचा गुडघ्याच्या जरा वर होता, आणि तो जोवर जागेवर आहे तोवर दुरुस्त करून चालवता येतो, पण एकदा काढला की नवा बांधताना आजचा कोड लागतो, म्हणजे पोर्च जमिनीपासून ३० इंचांपेक्षा उंच असेल तर कठडा ३६ इंच. आता ३६ इंचाचा कठडा जुन्या घराला गळपट्टा घातल्यासारखा दिसतो. शेवटी जुन्या उंचीचा लाकडी कठडा आणि त्याच्या वर एक बारीक पट्टी अशी तोड निघाली, सुताराने जुन्या फोटोवरून गज कातले. सुंदर झालं, पण साडेचार हजार डॉलर गेले जिथे सहाशेत दुरुस्ती झाली असती. कॉन्ट्रॅक्टरने फोन उचलणं बंद केलं ते वेगळंच.

तेव्हा कोणी "परमिट कशाला" म्हणालं की तिथेच थांबा. कमिशनच्या मीटिंगा ठरलेल्या तारखांना असतात, अर्जाची मुदत त्याच्या बरीच आधी संपते, म्हणून छपराचं किंवा पोर्चचं काम बर्फाआधी उरकायचं असेल तर उन्हाळ्यातच कागद हलवावे लागतात.

आपल्या लोकांसाठी एक खास मुद्दा: फोडणी. शंभर वर्षांच्या स्वयंपाकघरात बहुतेकदा धूर बाहेर फेकणारी चिमणी नसते, गॅसच्या वर नुसता फिरवून तीच हवा परत तोंडावर मारणारा पंखा असतो. खरी चिमणी बसवायची तर भिंतीला भोक आणि बाहेर झाकण आलं. ते कुठल्या भिंतीतून काढायचं हे घर बघतानाच ठरवा, मागच्या किंवा अॅलीच्या बाजूने निघत असेल तर सोपं जातं. आमचं मागून निघालं, नाहीतर आजही मिरचीची फोडणी दिली की वरच्या मजल्यावर खोकले सुरू झाले असते. हाच विचार सोलर पॅनेलला, एसीच्या बाहेरच्या युनिटला आणि रेडॉनच्या (जमिनीतून घरात शिरणाऱ्या घातक वायूच्या) पाइपला लावा.

पायरी ४: शाळा

यावर फार डोकं खाऊ नका. हायस्कूल अख्ख्या गावाला एकच आहे, शेजारच्या रिव्हर फॉरेस्टबरोबर मिळून, त्यामुळे कुठलंही घर घेतलंत तरी मूल शेवटी तिथेच जाणार. प्राथमिक शाळा आठ, मिडल स्कूल दोन. पत्त्याप्रमाणे शाळा ठरते, डिस्ट्रिक्ट ९७ च्या (हा शाळांचा विभाग, हिस्टॉरिक डिस्ट्रिक्ट नव्हे) साइटवर पत्ता टाकून बघा, एजंटच्या कागदावर जाऊ नका. प्राथमिक शाळा बहुतेक घरांपासून चालत आहेत आणि सकाळी पोरांचे थवे चालत जाताना दिसतात. शाळेच्या रेटिंगचे आकडे बघून घाबरलेल्या एका मित्राला मी सकाळी आठला कोपऱ्यावर उभं केलं, मग तो शांत झाला.

एका मिडल स्कूलला पर्सी ज्युलियन यांचं नाव आहे. मोठे रसायनशास्त्रज्ञ, कृष्णवर्णीय. १९५० मध्ये त्यांनी इथे घर घेतलं तेव्हा राहायला येण्याआधीच ते पेटवायचा प्रयत्न झाला, पुढच्या वर्षी डायनामाइट टाकला. तरी ते हलले नाहीत. १९६८ मध्ये याच गावाने घरांच्या बाबतीत भेदभाव नको म्हणून स्वतःचा कायदा केला. माझ्या मुलीने हे शाळेतून येऊन मला सांगितलं, मला माहीत नव्हतं.

पायरी ५: घराच्या पोटात शिरा

घर बघायला जाताना खिशात एक गोटी, टॉर्च आणि जुने कपडे. गोटी जमिनीवर ठेवा, थोडी घरंगळली तर हरकत नाही, शंभर वर्षांत घर थोडं बसतंच, पण भिंतीकडे पळत सुटली तर इंजिनिअर बोलवा. मग थेट बेसमेंट. भिंतीवर पांढरा लोणा चढलाय का, वॉटर हीटरच्या पायाला गंज आहे का, वस्तू जमिनीवर ठेवल्यात की विटांवर चढवून? सगळं विटांवर असेल तर घरमालकाने न बोलता उत्तर दिलं. इथे सांडपाणी आणि पावसाचं पाणी एकाच गटारात जातं, त्यामुळे मोठ्या पावसात ते मागे फिरून बेसमेंटमध्ये येऊ शकतं. उलट येणारं पाणी अडवणारा व्हॉल्व्ह बसवलाय का विचारा. आणि नेहमीच्या इन्स्पेक्शनशिवाय वेगळे पैसे देऊन गटाराच्या पाइपात कॅमेरा घालून घ्या. जुने पाइप मातीचे, वर शंभर वर्षांचं झाड, मुळं कुठे जाणार?

वायरिंग बघताना एक शब्द लक्षात ठेवा, नॉब अँड ट्यूब. चिनी मातीच्या बोंड्यांवरून जाणारी उघडी जुनी वायर. ती चालू स्थितीत असेल तर काही इन्शुरन्स कंपन्या पॉलिसीच देत नाहीत, म्हणून ऑफर देण्याआधी इन्शुरन्सवाल्याला फोन करा. त्यालाच "ऑर्डिनन्स ऑर लॉ" कव्हर पण विचारा, म्हणजे आग लागून काही पुन्हा बांधावं लागलं तर नव्या नियमांपायी वाढणारा खर्च त्यात धरता येतो. जुन्या डिस्ट्रिक्टमध्ये हे कव्हर मी तरी घ्याच म्हणेन.

लहान मुलं असतील तर शिसं. १९७८ च्या आधीच्या घरात विकणाऱ्याला शिशाच्या रंगाबद्दल माहीत असलेलं लेखी द्यावं लागतं आणि तुम्हाला तपासणीसाठी दहा दिवस मिळतात, ते सोडून देऊ नका. भिंतीवरचा चांगला चिकटलेला रंग तितका त्रास देत नाही, त्रास खिडक्यांचा. खिडकी वर-खाली होताना रंग घासतो, धूळ चौकटीत साठते आणि रांगतं बाळ नेमकं तिथेच उभं राहायला शिकतं. नळाचं पाणी आणणारी मुख्य नळीही शिशाची असू शकते. गावाला विचारा, तोवर शिसं गाळण्यासाठी एनएसएफ ५३ प्रमाणित फिल्टर वापरा. रंगकाम किंवा खिडक्यांचं काम शिशाचं सर्टिफिकेशन असलेल्या माणसाकडूनच.

आणि त्या खिडक्या फेकू नका हो. आत बघितलंत तर बाजूच्या पोकळीत दोराला टांगलेलं लोखंडी वजन असतं, खिडकी अडकते कारण दोर तुटलेला असतो. दोर बदलला, बाहेरून चांगली स्टॉर्म विंडो लावली की हिवाळा निघतो. आमच्याकडे पंधरा खिडक्या होत्या, नवऱ्याने व्हिडिओ बघून अकरांचे दोर स्वतः बदलले, चार सुताराला दिल्या. रेडॉनची टेस्ट मात्र करा, बेसमेंटमध्ये हवेच्या लिटरमागे ४ पिकोक्युरी किंवा जास्त आला तर पंखा आणि पाइप बसवावा लागतो.

हे सगळं कधी करायचं? इलिनॉयमध्ये करार सही झाल्यावर साधारण पाच कामाचे दिवस वकिलाच्या तपासणीला मिळतात, त्याच दिवसांत इन्स्पेक्शन उरकतात. म्हणून माणसं आधीच ठरवून ठेवा, आणि त्याच आठवड्यात गावाकडे त्या पत्त्याची जुनी परमिटं मागा. नवीन छप्पर आहे पण परमिट नाही, असं निघालं तर ती डोकेदुखी सहीनंतर तुमची.

पायरी ६: टॅक्स

इथे पाच आकडी प्रॉपर्टी टॅक्स हे नवल नाही. पण फसायची जागा दुसरीच आहे. लिस्टिंगवर दिसणारं बिल आताच्या मालकाचं असतं. मालक आजी-आजोबा असतील तर त्यांना ज्येष्ठांची सूट असते, ती तुम्हाला मिळणार नाही आणि पुढच्या बिलाला तुमचा कर्जाचा मासिक हप्ता, ज्यात टॅक्सही धरलेला असतो, एकदम उडी मारेल. कुक काउंटीच्या असेसरच्या (घरांची किंमत ठरवणाऱ्या अधिकाऱ्याच्या) साइटवर पत्ता टाकला की कुठल्या सवलती लागल्यात ते दिसतं. त्या काढून हिशोब करा. स्वतःची होमओनर सूट मिळतेय ना हे मात्र बघा, ती आपोआप लागली असेल असं समजून आमची एक मैत्रीण वर्षभर जास्त भरत बसली. टॅक्स एक वर्ष मागून भरतात, म्हणून विकणाऱ्याकडून त्याच्या काळातल्या टॅक्सचे पैसे क्लोजिंगला, म्हणजे व्यवहार पूर्ण होताना, वळते करून घ्यायला वकिलाला सांगा.

जुन्या घराचा एक फायदा फार कमी लोक घेतात. घर लँडमार्क असेल किंवा मान्य डिस्ट्रिक्टमध्ये कॉन्ट्रिब्यूटिंग असेल, तुम्ही स्वतः त्यात राहत असाल, आणि असेसरने धरलेल्या बाजारभावाच्या किमान २५ टक्के खर्च मान्य पद्धतीच्या दुरुस्तीवर केलात, तर इलिनॉय राज्य घराचं मूल्यांकन ८ वर्षं गोठवतं आणि पुढच्या ४ वर्षांत हळूहळू वर नेतं. वायरिंग, प्लंबिंग, छप्पर सगळं मिळून २५ टक्के होणं या घरांत अवघड नाही. फक्त राज्याच्या प्रिझर्व्हेशन ऑफिसशी काम सुरू करण्याआधी बोला, आधीचे फोटो काढून ठेवा आणि प्रत्येक पावती जपा. इथे आतल्या कामाचे फोटोही बघतात, कारण ही सवलत आहे, नुसतं परमिट नाही. आम्ही स्वयंपाकघर आधी तोडलं आणि याबद्दल नंतर ऐकलं.

ओक पार्क नको असेल तर

रिव्हरसाइड बघा. १८६९ मध्ये ओल्मस्टेड आणि व्हॉक्स यांनी आखलेलं, वळणावळणाचे रस्ते, गॅसचे दिवे, नदी. मुलांना हुंदडायला झकास, पण तिथे मी अजून दर वेळी रस्ता चुकते. नेपरव्हिलमध्येच राहायचं आणि जुनं घरही हवं, तर डाउनटाउनच्या पूर्वेला नॉर्थ सेंट्रल कॉलेजच्या आसपास छोटा हिस्टॉरिक डिस्ट्रिक्ट आहे, घरं कमी निघतात, धीर हवा. हिन्सडेलला जुनी घरं पाडून मोठी बांधण्याचं प्रमाण बरंच आहे, तिथे तुमच्या शेजारचं गोड घर पाच वर्षांनी तसंच असेल का, हे त्या विशिष्ट रस्त्याचे नियम बघून ठरवा. पुण्यात आमच्या वाड्यासमोरचे तीन वाडे मी कॉलेजात असताना एकेक करून गेले, आमचा चौथा, त्यामुळे हा प्रश्न मला जरा जास्तच सुचतो.

गाव ठरत नसेल तर एक वर्ष भाड्याने राहा. ओक पार्कमध्ये जुन्या विटांच्या इमारतींत फ्लॅट मिळतात, रेडिएटरवाले. एक हिवाळा त्या रेडिएटरच्या सुस्काऱ्यांत आणि ठोक-ठोक आवाजात झोप लागली, तर घर घ्या. आमच्या मुलीला आता त्या आवाजाशिवाय झोप येत नाही, भारतात गेलो की पहिले दोन दिवस "घर इतकं गप्प का आहे" विचारत बसते.